डावीकडे शंभर, उजवीकडे दहा

माझं वजन कमी करायचं ठरलं ते डॉक्टरांच्या खोलीत, माझ्या गैरहजेरीत. म्हणजे मी देहाने तिथेच होतो, नको तितका होतो. पण डॉक्टर बोलत होते आमच्या हिच्याशी आणि ही बोलत होती डॉक्टरांशी.

"चौऱ्याण्णव किलो," डॉक्टर म्हणाले.

"मला वाटलंच होतं," ही म्हणाली, जणू काही मी चोरून वाढवलं होतं.

दर रविवारी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. पण नुसतं लिहून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी ज्या कार्यालयातून निवृत्त झालो तिथला वार्षिक अहवाल माझ्या टेबलावरून जायचा. त्यातले आलेख काढणारे वेगळे होते, समजणारे वेगळे होते. माझ्याकडे पानांचे क्रमांक बरोबर पडलेत की नाही एवढंच बघायचं काम होतं. तरी आयुष्यभर आलेखांच्या इतक्या जवळ बसल्यावर माणसात काहीतरी उतरलंच असणार, असा माझा प्रामाणिक समज होता.

मी मोठा आलेख कागद आणला आणि जेवणाच्या खोलीत, फ्रिजच्या दारावर चिकटवला. एकट्याचंच वजन मांडणं मला जरा स्वार्थीपणाचं वाटलं. घरात आम्ही पाच माणसं. मी, ही, मुलगा, सूनबाई आणि महिन्याभराची आमची नात छकुली. सगळ्यांचं वजन एकाच कागदावर! कुटुंब म्हणजे तरी दुसरं काय, असंही एक वाक्य मी त्या दिवशी बोललो. त्यावर मुलाने फक्त "बाबा, फ्रिज उघडताना ते हाताला लागतंय" एवढी प्रतिक्रिया दिली.

एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलो, असं प्रमाण घेतलं. शून्यापासून शंभरापर्यंत. मला निळा रंग, हिला जांभळा, मुलाला काळा, सूनबाईला हिरवा आणि छकुलीला तांबडा. छकुलीचं वजन करायची माझी पद्धत अशी, की तिला घेऊन मी काट्यावर उभं राहायचं आणि मग त्यातून मला वजा करायचं. दर रविवारी नाश्त्याच्या आधी घरातली माणसं एकेक करून काट्यावर चढत होती, मी पुकारत होतो, टिंबं देत होतो, रेघा ओढत होतो. दोन महिने हे इतकं सुरळीत चाललं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग आमच्या विहीणबाई, म्हणजे सूनबाईच्या आई, राहायला आल्या.

विहीणबाई माणूस म्हणून उत्तम आहेत. फक्त त्यांना सरळ काही दिसलं की त्याच्यामागे काय वाकडं आहे ते बघायची सवय आहे. आल्या आल्या पाणी प्यायला त्या फ्रिजपाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. चष्मा लावला. काढला. पुसला. परत लावला.

"व्याहीबुवा, ही तांबडी रेघ कुणाची?"

"छकुलीची," मी कौतुकाने म्हणालो.

"सरळ आहे."

"एकदम सरळ! पट्टी लावून ओढलीय."

विहीणबाईंनी पाण्याचा पेला न पिता खाली ठेवला. "म्हणजे दोन महिने पोर जिथल्या तिथे आहे?"

मी हसलो. ती माझी पहिली चूक. मग समजावून सांगायला गेलो, ती दुसरी. छकुली चार किलोंवरून जवळजवळ सहा किलोंवर आलीय, पण आपल्या कागदावर एक किलो म्हणजे एक मिलिमीटर, आणि माझ्या तांबड्या स्केचपेनचं टोकच दोन मिलिमीटर जाड आहे, त्यामुळे छकुलीची सगळी वाढ पेनाच्या टोकात मावते, असं मी म्हणालो. विहीणबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोलीस जसं ऐकून घेतात तसं.

"आणि ही जांभळी?"

"ही आमच्या हिची."

"वर चाललीय," विहीणबाई म्हणाल्या. बस, एवढंच म्हणाल्या. पण स्वयंपाकघरात पोळपाटाशी असलेल्या आमच्या हिचा हात थांबल्याचं मला बाहेर ऐकू आलं.

त्या दिवसापासून घरात पाऊल टाकायचं तर आवाज न करता टाकावं लागे, कारण प्रत्येक दाराआड कुणीतरी काहीतरी ऐकत असे. विहीणबाई सूनबाईला विचारताना हिने ऐकलं, "इथे तुला पोटभर मिळतं ना गं?" ही मला विचारताना सूनबाईने ऐकलं, "म्हणजे मी सूनबाईच्या तोंडचं काढून खाते असं म्हणायचंय का त्यांना?" दुधाच्या पिशवीवरची तारीख आता दोनदा वाचली जायची, एकदा आमची ही वाचायची आणि मग विहीणबाई, हिने बरोबर वाचली की नाही ते बघायला. सूनबाईसमोर ताट आलं की दोघी दोन बाजूंना बसायच्या. एक बघायची किती वाढलंय, दुसरी बघायची किती उरलंय.

"मी नंतर जेवते," सूनबाई म्हणायची आणि उठून छकुलीकडे जायची.

छकुलीची मात्र मजा होती. दिवसभर तिला कुणी ना कुणी उचलून हातात तोलून बघत होतं. "हलकी लागतेय," विहीणबाई म्हणायच्या. "काल याच वेळेला जास्त होती."

मग त्यांचा संशय काट्याकडे वळला. त्यांनी साखरेचा एक किलोचा पुडा काट्यावर ठेवला. काट्याने शून्य दाखवलं. आता तो काटा माणसांचा आहे, किराणा मालाची तो दखल घेत नाही, हे मी सांगितलं. पण विहीणबाई पुडा हातात धरून घरभर ज्या नजरेने बघत होत्या, ती नजर एखाद्या वकिलाला शोभली असती. त्यानंतर माझ्या वजाबाकीचा नंबर लागला.

"म्हणजे तुम्ही तुमचं वजन वजा करता?"

"हो."

"तुमचं वजन कमी होतंय."

"हो, पाच किलो!" मला वाटलं, निदान याची तरी कुणी दखल घेतली.

"मग ते कमी झालेलं पोरीच्या नावावर पडत नसेल कशावरून?"

याला उत्तर आहे. मी रात्रीपर्यंत तीनदा गणित करून ते काढलंसुद्धा. पण उत्तर असणं आणि विहीणबाईंना ते पटणं, यात फार अंतर आहे.

अशा वेळी समोरच्या काकू आल्या नसत्या तर त्या समोरच्या काकू कसल्या! त्या मिक्सरचं भांडं परत करायला आल्या आणि फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. सगळ्यांना क्रमाने बघितलं, मग कागद बघितला, मग छकुलीला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवलंत का?" आमच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रावर त्यांचा पहिल्यापासून संशय होता. त्यांच्या बहिणीकडे तेच यंत्र होतं आणि तिच्याकडची कुंडीतली झाडं वाढतच नव्हती.

वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर मात्र मदतीच्या भावनेने आले. त्यांनी कागद पाहिला आणि हसले. मला बरं वाटलं, कारण घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

"अहो, साधी गोष्ट आहे. तुम्ही हत्ती आणि उंदीर एका पट्टीने मोजताय. दोन अक्ष घ्या. डावीकडे मोठ्यांसाठी शंभर, उजवीकडे बाळासाठी दहा. बाळाची रेघ उजवीकडच्या आकड्यांवर वाचायची."

हत्ती कोण, हा प्रश्न मी गिळला. दुपारभर बसून नवा कागद केला. उजव्या कडेला तांबड्या शाईने शून्य ते दहा आकडे घातले. आणि काय सांगू, छकुलीची रेघ जमिनीवरून उठली ती तिरपी वर निघाली, वाटेत सूनबाईची हिरवी रेघ ओलांडून हिच्या जांभळीच्या जवळ जाऊन पोचली! मी जुना कागद काढून नवा लावला आणि सगळ्यांना चहाला बोलावलं.

कुणी चहा घेतला नाही.

"काल जमिनीवर होती," विहीणबाई म्हणाल्या.

"हो, पण आता..."

"आज आईच्या डोक्यावरून गेली. एका दुपारीत."

"विहीणबाई, छकुलीसाठी पट्टी वेगळी आहे. हे बघा, उजवीकडची."

"वेगळी पट्टी?" विहीणबाई सावकाश खुर्चीवर बसल्या. "माझ्या नातीला वेगळी पट्टी, आणि घरच्या बाकीच्यांना वेगळी?"

"ती माझीही नात आहे!" इतका वेळ गप्प असलेली ही म्हणाली.

"मग तिला तुमच्या पट्टीत का नाही बसवलं, ताई?"

मुलगा म्हणाला, "बाबा, तो कागद काढून टाका."

"काढला म्हणजे लपवला," विहीणबाई म्हणाल्या. हे मात्र मलाही पटलं. शिवाय माझे पाच किलो होते त्या कागदावर.

या सगळ्यात सूनबाई दारात उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला बरं वाटावं म्हणून काढलीत ना ही रेघ? खरं सांगा. मम्मी म्हणते ते खरं आहे ना? माझं दूधच पुरत नाहीये तिला."

मी कागदावरच्या तांबड्या आकड्यांवर बोट ठेवलं. "अगं नाही," मी म्हणालो, "आकडे तेच आहेत, नुसती बसायची जागा बदललीय त्यांची." पण हे वाक्य ऐकायला इतकं लबाडीचं वाटलं की माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

इंजिनिअर परत आले. दोन अक्षांचा आलेख सामान्य माणसाच्या डोक्यात संशय उत्पन्न करतो, हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं ते म्हणाले. मग आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं नाही, कारण ते आमच्या घरी येणारे शेवटचे हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी आता लॉगची पट्टी सुचवली. एकच पट्टी, पण खालच्या अर्ध्यात एक ते दहा आणि वरच्या अर्ध्यात दहा ते शंभर. तिच्यात पटीने वाढणं दिसतं, हत्ती आणि उंदीर दोघांना न्याय मिळतो. (हत्ती पुन्हा आला होता.)

तिसरा कागद लागला. छकुलीची रेघ बेताने, समंजसपणे वर जात होती. पण माझी निळी रेघ! दोन महिने संध्याकाळची बिस्किटं सोडून कमावलेले पाच किलो त्या पट्टीने असे गिळले होते, की रेघ पार सपाट झाली होती, मी आणि भिंत यांत काही फरक उरला नव्हता. न्याय म्हणतात तो हाच असेल, तर मला तो नको होता.

विहीणबाईंनी बोटाने मोजलं. "एक ते दहा एवढं. आणि दहा ते शंभर पण एवढंच?"

"हो."

"नव्वद किलो कुठे गेले?"

मी इंजिनिअरांकडे पाहिलं. ते जिन्यात पोचले होते.

पुढच्याच आठवड्यात दाराची घंटा वाजली. दारात एक बाई होत्या, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. आरोग्य केंद्रातून आल्या होत्या. "या घरात बाळाची वाढ थांबल्याची तोंडी माहिती मिळालीय," त्या म्हणाल्या.

क्षणभरात घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाकडे पाहिलं. हिने विहीणबाईंकडे, विहीणबाईंनी हिच्याकडे, मुलाने माझ्याकडे, आणि मी समोरच्या बंद दाराकडे. ते दार किंचित उघडलं. "मी नुसतं विचारलं होतं हो," समोरच्या काकू फटीतून म्हणाल्या, "की असं कधी होतं का!" आणि दार लागलं.

तपासनीस बाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांच्याकडच्या छापील कागदावर आमच्यासारख्या घराची सोय नव्हती.

"घरात वाढीचा तक्ता आहे?"

"तीन आहेत," मी म्हणालो.

त्यांनी पेन उचललं. "एका बाळाचे तीन?"

"नाही, पाच माणसांचे तीन. म्हणजे तेच आकडे, पण पट्टी बदलून."

"बदलून," त्यांनी लिहून घेतलं. "पहिला कुठाय?"

पहिला मी त्या दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकला होता. शोधला तर तो तिथे नव्हता. माझ्या कपाळावर घाम आला. निर्दोष माणसाला घाम आला की तो किती दोषी दिसतो, हे मी त्या दिवशी समोरच्या आरशात पाहिलं. तेवढ्यात विहीणबाई आतल्या खोलीत गेल्या आणि आपल्या उशीखालून नीट घडी केलेला पहिला कागद घेऊन आल्या.

"पुरावा म्हणून ठेवला होता," त्या म्हणाल्या.

"बाळाला आणि तिन्ही तक्ते घेऊन उद्या केंद्रात या," तपासनीस बाईंनी सांगितलं. "डॉक्टरच ठरवतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही एका टॅक्सीत सगळे बसलो. छकुलीला विहीणबाईंनी घट्ट धरलं होतं, आणि विहीणबाईंवर आमच्या हिने डोळा ठेवला होता. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर तीन कागदांची गुंडाळी. ड्रायव्हरने विचारलं, "घराचा नकाशा वाटतं?" मी हो म्हणालो. दुसरं काही सांगण्याइतकं बळ नव्हतं.

केंद्रातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी कुणाचं काहीच ऐकलं नाही. छकुलीचे कपडे काढून तिला बाळांच्या काट्यावर ठेवलं. छकुलीने हात-पाय झाडले आणि काट्याने पाच किलो नऊशे दाखवलं. माझ्या वजाबाकीत आणि त्यात शंभर ग्रॅमचासुद्धा फरक नव्हता, हे मी मोठ्याने म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

"जन्माच्या वेळी तीन होतं, आता जवळजवळ दुप्पट," डॉक्टर म्हणाल्या. "छान गुटगुटीत आहे. कोण म्हणालं वाढ थांबली?"

विहीणबाईंनी काट्यावरच्या छकुलीकडे पाहिलं. मांड्यांना वळ्या, मनगटाला वळ्या, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. मला वाटतं, इतक्या दिवसांत आम्ही सगळ्यांनीच तिला पहिल्यांदा बघितलं. तोपर्यंत आम्ही फ्रिज बघत होतो.

"दुप्पट?" विहीणबाई म्हणाल्या. "काटा बरोबर आहे ना तुमचा?"

डॉक्टरांनी आता माझे कागद टेबलावर पसरले. दोन अक्षांचा बघितला आणि बाजूला ठेवला. लॉगचा बघितला, भुवया वर गेल्या, तोही बाजूला ठेवला. मग पहिला, उशीखालच्या घड्या पडलेला कागद पुढे ओढला. "हा सगळ्यांत चांगला आहे," त्या म्हणाल्या. मी ताठ बसलो. हिच्याकडे एकदा पाहूनही घेतलं.

डॉक्टरांचं बोट मात्र तांबड्या रेघेवर नव्हतं.

"ही हिरवी कुणाची?"

मी घसा साफ केला. "सूनबाईची."

"अठ्ठावन्नावरून पन्नासावर आलीय. दोन महिन्यांत. बाळंतपणानंतर थोडं कमी होतं, पण हे थोडं नाही." त्यांनी वर पाहिलं. "ही टिंबं कोण देतं?"

"मी," मी म्हणालो. "दर रविवारी. मोठ्याने आकडा पुकारून."

"मग?"

मी कागदाकडे पाहिलं. निळी रेघ मी रोज बघायचो. जांभळीवरून हिची थट्टा केली होती. तांबडीसाठी तीन कागद खर्ची घातले होते. हिरवी रेघ मी स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, दर आठवड्याला खाली नेली होती आणि कधी विचारलं नव्हतं, की काय गं, बरं आहे ना तुझं?

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि सूनबाईशी बराच वेळ एकटीशी बोलल्या. बाहेरच्या बाकावर आम्ही चौघे ओळीने बसलो होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मुलगा एकदम म्हणाला, "ती म्हणायची की नंतर जेवते. मला वाटायचं, जेवत असेल." त्याचा आवाज जरा चमत्कारिक झाला होता. हिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग, हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो, विहीणबाईंनी छकुलीला आमच्या हिच्या मांडीवर दिलं. न मागता.

सूनबाई बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा झाला होता. रक्त कमी होतं, गोळ्या होत्या, झोप घ्यायला सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं होतं.

"आधीपासूनच भूक लागत नव्हती," ती म्हणाली. "सगळे बाळाला बघायला यायचे, मग मी माझं काय सांगू? आणि नंतर तुम्ही दोघी माझ्या ताटाकडे अशा बघत बसायचात, की घास घशाखाली उतरायचाच नाही."

दोघी आज्या एकमेकींच्या जवळ सरकल्या. आयुष्यात पहिल्यांदा दोघींवर एकच आरोप आला होता.

घरी आलो. मुलाने छकुलीला खांद्यावर घेऊन गॅलरीत नेलं. स्वयंपाकघरातून बऱ्याच दिवसांनी एका वेळी दोन बायकांचे आवाज आले. सूनबाई टेबलाशी बसली. मी तिच्यासमोर बसलो आणि ठरवून खिडकीबाहेर बघत राहिलो, तिच्या ताटावर आणखी एक नजर नको म्हणून.

ही ताट घेऊन आली, टेबलापाशी थांबली आणि ते विहीणबाईंच्या हातात देत म्हणाली, "तुम्हीच वाढा. तुमच्या हातचं ती जास्त खाईल."

विहीणबाईंनी ताट घेऊन सूनबाईपुढे ठेवलं. हिच्याकडे बघितलं. डोळे बारीक केले.

"का हो ताई? तुमच्या हातचं माझ्या मुलीला आवडत नाही, असं मी कुठे म्हणाले असं तुम्हाला म्हणायचंय का?"

हिने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. हे वाक्य कुठल्या बाजूने धरायचं ते तिला कळेना. मीही मनातल्या मनात ते दोनदा उलगडून पाहिलं आणि सोडून दिलं. इकडे सूनबाईने पहिला घास तोंडात घातला होता. तिने आईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि तिला असं काही हसू फुटलं की घास सांभाळायला तिला एक हात तोंडावर धरावा लागला. ती हसत होती, खोकत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दुसऱ्या हाताने ताट स्वतःकडे ओढत होती.

दोघी आज्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय केलंत तिला?" आमची ही म्हणाली.